अंजनेरीचे ५.६९ चौरस किलोमीटर

नाशिक–त्र्यंबक रस्त्यालगतच्या अंजनेरी डोंगरावरचे संवर्धन राखीव क्षेत्र ५.६९ चौरस किलोमीटर आहे. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी हे दोन डोंगर जोडणाऱ्या प्रस्तावित रोपवेची लांबी सुमारे ५.७ किलोमीटर आहे. एक क्षेत्रफळ, दुसरी लांबी. दोन्ही आकडे जुळले हा निव्वळ योगायोग. पण वाद या दोन आकड्यांमधलाच आहे. रोपवेचा अंदाजित खर्च सुमारे ३७७ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला ६६ कोटी. राखीव क्षेत्र जाहीर झाले २०१७ मध्ये आणि रोपवेची चर्चा त्यानंतर पाच-सहा वर्षांत सुरू झाली.

आधी हे ५.६९ कशाचे किती आहे ते पाहू. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या केंद्रीय मसुद्यात राज्याचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या ५.६ टक्के. अंजनेरीचे राखीव क्षेत्र या १७,३४० च्या ०.०३३ टक्के भरते. पलीकडच्या अकोले तालुक्यातील कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य ३६१.७१ चौरस किलोमीटरचे आहे. अंजनेरी त्याच्या १.६ टक्के. एवढ्या लहान तुकड्यात कडेला सरकायला जागा नसते. खांब, स्थानक, वाट, स्वच्छतागृह, दुकाने यांतले जे काही माथ्यावर येईल, ते राखीव क्षेत्राच्या मधोमध किंवा काठावरच येईल.

हा लेख किल्लारीत लिहिला जातो आहे, तेव्हा लातूर-नांदेडच्या वाचकाचा या डोंगराशी संबंध काय, हेही आकड्यांनीच सांगायला हवे. किल्लारीजवळून वाहणारी तेरणा मांजरेला मिळते. मांजरा ७२४ किलोमीटर वाहून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावून १,४६५ किलोमीटर जाते. तिचे खोरे ३,१२,८१२ चौरस किलोमीटरचे आणि त्यातले ४८.६ टक्के महाराष्ट्रात. ब्रह्मगिरीवरचा थेंब किल्लारीला येत नाही. तेरणा खूप खाली आणि दुसऱ्या बाजूने त्या पात्रात जाते. नांदेडचा घाट मात्र त्याच पात्रावर आहे. रोपवे झाला म्हणून गोदावरी आटेल असे एकही आकडा सांगत नाही आणि तसा दावा करणे चुकीचे ठरेल. पण १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ३४२ किलोमीटर अंतर कापून पाच लाख लिटर पाणी आणणारी पहिली रेल्वेगाडी ज्या जिल्ह्याने पाहिली, त्याने उगमाकडच्या डोंगराचे काय होते याची चौकशी करणे साहजिक आहे.

दगडाचाही एक धागा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यात काळा पाषाण ३३८ मीटरपर्यंतच लागला. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर आणि मग जुना, कठीण खडक. त्र्यंबक गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर आणि ब्रह्मगिरीचा माथा जवळपास १,३०० मीटरवर आहे. म्हणजे गावातून मान वर करून जो पाषाण दिसतो तो ५८० मीटरचा आहे. किल्लारीखालच्या एकूण जाडीच्या १.७ पट पाषाण तिथे नुसता जमिनीवर उभा आहे. हा खडक पाणी पोटात साठवत नाही. थरांच्या मधल्या सांध्यांत आणि भेगांत जेवढे मुरेल तेवढेच टिकते, ते झऱ्यांनी बाहेर येते आणि झरा किती दिवस चालेल हे माथ्यावरची माती आणि झाडोरा ठरवतात. त्र्यंबक परिसरात वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, लातूरमध्ये सुमारे ८००. तरी ब्रह्मगिरीच्या अंगावरच्या मेटघर वस्तीत उन्हाळ्यात बायका विहिरीच्या तळाशी उतरून हंडे भरतात. अडीच पट पाऊस आणि एप्रिलमध्ये तीच रांग. डोंगराच्या बाबतीत सर्वांत जास्त विसरला जाणारा आकडा हाच आहे.

आता वाटा. ब्रह्मगिरीला त्र्यंबकातून सुमारे ७०० दगडी पायऱ्या जातात. चढ ५८० मीटरचा, वेळ साधारण दोन तास. वाटेत एक फाटा गंगाद्वाराकडे वळतो. मुख्य वाट माथ्यावर मूळगंगा आणि जटामंदिराकडे जाते, आणि पुढे दुर्गभांडारकडे दगडात खोदलेली अरुंद वाट उतरते. अंजनेरीची वाट अंजनेरी गावातून. गावापासून पायथ्यापर्यंत रस्ता, मग पायऱ्या, जैन लेणे, पहिले पठार, तिथले अंजनीमातेचे मंदिर, तळे, सीता गुंफा आणि वरच्या माथ्यावर दुसरे मंदिर. तब्येतीने चालणाऱ्याला दोन ते अडीच तास लागतात. तिसरी वाट वर जातच नाही. ती डोंगराभोवती फिरते. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा सुमारे २० किलोमीटरची आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो लोक ती पायी करतात. या तीन वाटांपैकी सर्वांत जास्त माणसे तिसऱ्या वाटेवर असतात आणि रोपवेचा त्यांना उपयोग नाही, कारण त्यांना माथा गाठायचा नसून फेरी घालायची आहे.

रोपवेच्या बाजूचा मुद्दा हलका नाही. ज्याचे गुडघे गेले, ज्याला दम लागतो, ज्याला चाकाच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही, त्याला ७०० पायऱ्या म्हणजे बंद दरवाजा. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. त्याची लांबी सुमारे ७६० मीटर, वेळ काही मिनिटे. चौदाशेहून अधिक पायऱ्या चढू न शकणारी माणसे त्यामुळे गडावर पोहोचली. नांदेड जिल्ह्यात माहूरच्या रेणुकामातेच्या गडासाठी सुमारे ५१ कोटींचा लिफ्ट आणि स्कायवॉकचा प्रकल्प आहे, त्याचेही कारण हेच. राज्य सरकारने २०२५ च्या सुरुवातीला केंद्राच्या पर्वतमाला कार्यक्रमाशी जोडून ४५ रोपवेंचा आराखडा मान्य केला. त्यातले २९ राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेच्या कंपनीकडे आणि १६ सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. तेव्हा अंजनेरी हा सुटा प्रश्न नाही. पण रायगड आणि अंजनेरी एका मापात बसत नाहीत. ५.७ किलोमीटर म्हणजे रायगडच्या साडेसात पट. रायगडचा दोर एका कड्याला लागून वर चढतो, तर अंजनेरीचा दोर दोन डोंगरांमधल्या मोकळ्या हवेतून जाणार आहे.

त्या हवेत कोण असते? गिधाडे. या दोन डोंगरांच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. देशपातळीवर १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली आणि लांब चोचीची जवळपास ९७ टक्क्यांनी. म्हणजे शंभरातली तीन उरली. कारण सापडले ते जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आता तीनाचे पुन्हा शंभर व्हायचे तर संख्या ३३ पट वाढायला हवी आणि ही जात वर्षाला एकच अंडे घालते. एका जोडीचा एक हंगाम वाया गेला की त्या जोडीचे त्या वर्षाचे शंभर टक्के उत्पादन गेले.

दोर आणि गिधाड यांच्यातला धोका गर्दीपुरता नाही, तो डोळ्यांच्या रचनेतही आहे. गिधाडांच्या दृष्टिक्षेत्रावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की उडताना खाली मृत जनावर शोधण्यासाठी ते मान वाकवते, तेव्हा समोरचा आणि वरचा मोठा भाग त्याला दिसतच नाही. भुवईच्या हाडाची पुढे आलेली कड सूर्याची तिरीप अडवते, पण त्याच कडेमुळे पुढे अंधभाग तयार होतो. विजेच्या तारा आणि पवनचक्क्यांवर गिधाडे का आदळतात, त्याचे हे स्पष्टीकरण. पंख पसरले की दोन मीटरहून जास्त रुंद होणारा पक्षी, आणि त्याच्या वाटेत ५.७ किलोमीटरचा दोर. दोरावर रंगीत चकत्या लावून उपयोग किती होईल, हा प्रश्न इथे उरतो. ज्याला समोर दिसत नाही त्याच्यासाठी खूण कोणत्या बाजूला लावायची?

पठारावरचे दुसरे राखण्याजोगे धन गुडघ्याच्या खाली आहे. सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती शास्त्राला नवी म्हणून २००६ मध्ये नोंदवली गेली. तिच्या नावातच डोंगराचे नाव आहे. मराठीत या प्रजातीला कंदीलपुष्प म्हणतात, कुठे खर्पुडी. फूल खरेच कंदिलासारखे: खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी, वर पाच पाकळ्या टोकाला जुळून झालेला पिंजरा. नळीच्या आतले केस खालच्या दिशेने वळलेले. बारीक माशी आत घसरते, तिला बाहेर येता येत नाही. परागकण तिच्या अंगाला लागतात, मग केस सुकतात आणि ती सुटते. जमिनीखाली कंद, आणि फुलण्याचा काळ पावसाळ्याचे दोन-तीन महिने. उरलेले नऊ महिने जमिनीवर काहीही नसते. मे महिन्यात पठारावर आलेला माणूस मोकळी, कोरडी जमीन बघतो आणि इथे काहीच नाही असे समजून तिच्यावर चटई अंथरतो. कंद त्याच्या पायाखाली असतो.

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. पर्यटन प्रकल्पांच्या कागदांत बहुधा असे गृहीत असते की निसर्गाचा एक हंगाम असतो, तेवढे दिवस बंद ठेवू, बाकी चालू. अंजनेरीचे वर्ष मांडून पाहा. कंदीलपुष्प आणि पठारावरच्या इतर फुलांचा काळ जुलै ते सप्टेंबर. गिधाडाची अंडी नोव्हेंबर ते जानेवारी, पिल्ले उडेपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. फुलांचे तीन आणि घरट्यांचे सात मिळून दहा महिने गेले. उरले जून आणि ऑक्टोबर. जूनमध्ये वारा-पाऊस, जेव्हा कोणताही रोपवे वारंवार थांबवावा लागतो. माणसांच्या गर्दीचे दोन मोठे काळ म्हणजे हनुमान जयंती आणि श्रावण. त्यातला पहिला घरट्यात, दुसरा फुलांत. चालू ठेवायला निरुपद्रवी असा महिना या डोंगराकडे जवळपास नाही.

आता पैशांचा हिशेब, कारण प्रकरणाची खरी गाठ तिथे आहे. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली. जागतिक वारशाच्या यादीतले कासचे क्षेत्र १,१४२ हेक्टर, म्हणजे ११.४२ चौरस किलोमीटर. अंजनेरी त्याच्या निम्मे. कासचेच प्रमाण लावले तर अंजनेरीची दिवसाची मर्यादा येते सुमारे १,५००. आता समजा रोपवेचे सरासरी तिकीट ३०० रुपये आणि तो वर्षात ३०० दिवस चालतो. १,५०० प्रवाशांना वर्षाचे उत्पन्न साडेतेरा कोटी. ३७७ कोटींची भरपाई व्हायला २८ वर्षे. यात वीज, पगार, देखभाल, व्याज काहीही धरलेले नाही. दिवसाला ३,००० प्रवासी धरले तर उत्पन्न २७ कोटी आणि भरपाई १४ वर्षांत. तिकिटाचा आकडा माझे गृहीतक आहे. तो दीडपट केला तरी दिशा बदलत नाही. पठार जितकी माणसे सोसेल तितक्यांत रोपवेचे भांडवल फिटत नाही आणि भांडवल फिटेल इतकी माणसे आणली तर पठाराची मर्यादा मोडते. चालक कंपनी वाईट असण्याची गरज नाही; कर्जाचा हप्ताच दर महिन्याला जास्त माणसे मागेल.

तुलनेसाठी केदारनाथ. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मंजूर केलेला सोनप्रयाग–केदारनाथ रोपवे १२.९ किलोमीटरचा, खर्च ४,०८१ कोटी, म्हणजे किलोमीटरला ३१६ कोटी. क्षमता एका दिशेने तासाला १,८०० आणि दिवसाला १८,०००. तिथे २०२३ मध्ये १९.६ लाख यात्रेकरू गेले, २०२४ मध्ये १६.५ लाख. जुलैअखेरच्या ढगफुटीत पायवाट तुटली. आदल्या वर्षापेक्षा १५.८ टक्क्यांची घट झाली. म्हणजे तिथे मागणी आधीच आहे आणि वाट आठ-नऊ तासांची आहे. अंजनेरीची वाट अडीच तासांची. केदारनाथच्या रोपवेला चालत येणारे प्रवासी मिळतील. अंजनेरीच्या रोपवेला ते नव्याने तयार करावे लागतील. दोन्ही प्रकल्पांना एकच नाव आहे, अर्थशास्त्र एक नाही.

हा पेच आपल्याआधी आल्प्सने भोगला. आल्प्स कराराखालील प्रदेश सुमारे १.९ लाख चौरस किलोमीटर, पश्चिम घाट १.६४ लाख, आकाराने फार फरक नाही. जर्मनीच्या बव्हेरिया राज्याने १९७२ मध्ये आपल्या आल्प्सचे तीन पट्टे पाडले. ३५ टक्के क्षेत्र बांधकामाला खुले, २३ टक्के तपासणीनंतर, आणि ४२ टक्के क्षेत्रात नवा रोपवे, नवी स्कीची उतरण, काहीही नाही. ४५ वर्षे ही रेघ टिकली. मग १,७८७ मीटर उंचीच्या रीडबर्गर हॉर्न या डोंगरावर प्रश्न आला. हा डोंगर आपल्या कळसूबाईपेक्षा फक्त १४१ मीटरने उंच. दोन स्की केंद्रे जोडणारा रोपवे हवा म्हणून २०१७ मध्ये विधिमंडळाने तिथले ८० हेक्टर संरक्षित पट्ट्यातून वगळले आणि बदल्यात दुसरीकडचे ३०४ हेक्टर घातले. बेरजेत निसर्गाला २२४ हेक्टर जास्त मिळाले. तरी विरोध थांबला नाही, कारण काळ्या रानकोंबड्याचे घर त्या ८० हेक्टरांत होते, ३०४ मध्ये नव्हे. २०१८ मध्ये सरकारने प्रकल्प मागे घेतला आणि पुढे नकाशावरची रेघही पूर्वीच्या जागी गेली. पर्यायी जमीन, पर्यायी वनीकरण हे शब्द आपल्याकडे रोजचे आहेत. त्यांच्यासाठी ८० आणि ३०४ हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

आल्प्समधला दुसरा आकडा भांडवलाबद्दल सांगतो. युरोपातील २,२३४ स्की केंद्रांच्या २०२३ मधील अभ्यासानुसार तापमान २ अंशांनी वाढले आणि कृत्रिम बर्फ वापरला नाही, तर ५३ टक्के केंद्रांना बर्फ न मिळण्याचा अतितीव्र धोका आहे. ४ अंशांनी वाढले तर ९८ टक्क्यांना. दोर, खांब, हॉटेले सगळे जागच्या जागी असेल आणि ज्यासाठी ते उभारले ते नसेल. सह्याद्रीत बर्फ नाही. पण अंजनेरीला येणारा माणूस हिरवे पठार, फुले, कड्यावरचे गिधाड पाहायला येतो. ते गेले तर २८ वर्षांच्या परतफेडीच्या अकराव्या वर्षी दोराला काय दाखवायचे उरेल?

बव्हेरियाने १९७२ मध्ये जी रेघ ओढली, ती पश्चिम घाटासाठी ओढण्याचा प्रयत्न आपणही केला. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये ५९,९४० चौरस किलोमीटर सुचवले. पहिली मसुदा अधिसूचना १० मार्च २०१४ ची, सहावी ३१ जुलै २०२४ ची. दहा वर्षांत सहा मसुदे निघाले आणि क्षेत्र ५६,८२५.७ वर आले. घटलेले सगळे ३,११४ चौरस किलोमीटर केरळचे, महाराष्ट्राचे १७,३४० पहिल्या दिवसापासून तितकेच आहेत. आकड्यावर राज्यात वाद नाही, असाही याचा अर्थ होऊ शकतो; आकडा अमलात आलेला नाही, हा मात्र निश्चित अर्थ आहे. अंतिम अधिसूचना नसल्याने प्रत्येक डोंगराचा निर्णय सुटा होतो आणि सुट्या निर्णयात समोर एका बाजूला ३७७ कोटींची निविदा असते, दुसऱ्या बाजूला एक कंद आणि वर्षाचे एक अंडे.

माझे मत असे, की अंजनेरी–ब्रह्मगिरी रोपवे या आकड्यांवर उभा राहत नाही. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी राखीव क्षेत्राबाहेर, ब्रह्मगिरीच्या गावाकडच्या अंगाने, रायगडएवढ्या लांबीचा छोटा पर्याय तपासता येईल. त्याला दोन डोंगरांमधली दरी ओलांडावी लागणार नाही. तेही मान्य नसेल आणि मोठाच प्रकल्प पुढे न्यायचा असेल, तर सरकारने आधी एकच आकडा जाहीर करावा: अंजनेरीच्या पठारावर एका दिवसात जास्तीत जास्त किती माणसे. तो वनविभागाने अभ्यास करून ठरवावा, ग्रामसभांपुढे ठेवावा आणि निविदेच्या पहिल्या पानावर छापावा. त्यानंतर किती कंपन्या बोली लावतात ते पाहावे. नाशिकमधले सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. कंदीलपुष्प फुलते ते याच महिन्यात.